जनरेटरचं व्होल्टेज कमी येतंय? स्क्रूला हात लावण्याआधी फेरे मोजा

ऑइल, पाणी, बॅटरी, डिझेल हे बघून झालंय असं धरतो. मी बोलतोय ते सोसायटीच्या किंवा मंगल कार्यालयाच्या मागे असतो तसल्या, साध्या यांत्रिक गव्हर्नरच्या डिझेल जनरेटरबद्दल.

चेंजओव्हर (जनरेटरची वीज इमारतीकडे वळवणारा स्विच) बंद ठेवून इंजिन चालू करा, पाच मिनिटं गरम होऊ द्या.

मग मल्टीमीटर हर्ट्झवर लावा. व्होल्टवर नाही, हर्ट्झवर; इंजिनाचे फेरे हर्ट्झवरूनच कळतात. इथेच बहुतेक जण चुकतात, मीही चुकलोय.

जनरेटरला दोन डोकी असतात आणि ती एकमेकांशी बोलत नाहीत. गव्हर्नर फक्त इंजिनाचे फेरे सांभाळतो: फेरे पडले की डिझेल वाढवतो. एव्हीआर, म्हणजे व्होल्टेज आपोआप सांभाळणारं सर्किट, बघतो फक्त व्होल्टेज. ते पडलं की एक्सायटरच्या (रोटरला वीज पुरवणाऱ्या छोट्या जनरेटरच्या) फिल्डला जास्त डीसी करंट देतो, त्याने रोटरचं चुंबक जोर धरतं. चार पोलच्या अल्टरनेटरला (इंजिनाने फिरून वीज बनवणाऱ्या भागाला) ५० हर्ट्झसाठी मिनिटाला १५०० फेरे लागतात. एव्हीआर कितीही महागाचा असला तरी एक फेरा वाढवू शकत नाही.

आता खरी गोम. हर्ट्झ साधारण ४७ च्या खाली गेले की बहुतेक एव्हीआर मुद्दाम व्होल्टेज उतरवतात. चढणीला बैल दमला की गाडीतली चार पोती उतरवतात, तसं. म्हणजे लोड टाकल्यावर व्होल्टेज पडलं, तर एव्हीआर बिघडलाय असं नाही. बऱ्याचदा तो त्याचं काम चोख करत असतो. अशा वेळी एव्हीआरचा व्होल्टेजचा स्क्रू फिरवणं म्हणजे उतरवलेली पोती पुन्हा गाडीत टाकणं.

एका लग्नात मी नेमकं हेच केलं. जेवणावळी चालू, सगळे कूलर चालू, व्होल्टेज २०५. 'एव्हीआर थोडा उजवीकडे फिरव' हा सगळीकडे फुकट मिळणारा सल्ला ऐकला आणि २३० करून मोकळा झालो. जेवणं आटोपली, कूलर बंद झाले, लोड हलकं झाल्यावर इंजिनाने फेरे पकडले आणि व्होल्टेज थेट २५७. आधी साउंडवाल्याचा अॅम्प्लिफायर गेला, मग हॉलमधले दिवे. दुसऱ्या दिवशी कळलं, डिझेल फिल्टर चोंदला होता. फिल्टरच्या किमतीत काम झालं असतं, मी अॅम्प्लिफायर भरून दिला.

म्हणून क्रम मोडू नका. लोड नसताना ५२ हर्ट्झच्या आसपास यायला हवेत. नसतील तर गव्हर्नरच्या स्क्रूचा लॉकनट सैल करून पाव-पाव आटा फिरवा, नट पुन्हा आवळा. मग लोड टप्प्याटप्प्याने टाका. पूर्ण लोडवर ५० च्या जवळ थांबलं तर इंजिन ठीक. ४८ च्याही खाली जात असेल तर स्क्रू पिळत बसू नका: डिझेल फिल्टर, एअर फिल्टर, डिझेलच्या लाइनमधली हवा बघा, आणि क्षमतेपेक्षा जास्त लोड तर टाकलं नाही ना, तेही बघा.

हर्ट्झ जागेवर असूनही व्होल्टेज २३० नसेल, तरच एव्हीआर. प्लॅस्टिक मुठीचा बारीक स्क्रूड्रायव्हर, एक हात खिशात, कारण तिथली टर्मिनल जिवंत असतात. अगदी केसभर फिरवा, थांबा, वाचा. तिन्ही फेज मोजा.

दिवे लपलप करत असतील तर व्होल्टबरोबर हर्ट्झही हलतात का ते बघा. दोन्ही हलत असतील तर दोष बहुतेक इंजिनाकडे. हर्ट्झ स्थिर आणि फक्त व्होल्ट नाचतायत, तर एव्हीआरवरचा स्टॅबिलिटीचा दुसरा स्क्रू.

बंद करताना आधी लोड काढा, तीन-चार मिनिटं रिकामं चालवा, मग बंद.

आणि व्होल्टेजच्या स्क्रूवर नेलपॉलिशचा एक ठिपका लावून ठेवा. पुढच्या खेपेला तो फुटलेला दिसला, की कुणीतरी 'थोडा उजवीकडे' फिरवलाय हे कव्हर उघडल्या उघडल्या कळतं.