'पिकिटप' ऐकू यायला लागलं की…

इंग्रजी वाचता येतं, मेल लिहिता येतात, बातम्याही बऱ्यापैकी कळतात. पण दोन इंग्रज आपापसात बोलायला लागले की निम्मं डोक्यावरून जातं. कामाच्या निमित्ताने परदेशी लोकांच्या कॉलवर बसणाऱ्या बहुतेकांचं हेच गाऱ्हाणं असतं, आणि खापर फुटतं ते त्यांच्या वेगावर. एखाद्या व्हिडिओचा वेग पाऊणपट करून बघा. बोलणं संथ होईल, पण शब्द काही सुटे होणार नाहीत.

कारण ते मुळातच सुटे नसतात. 'पिक इट अप' हे कागदावर तीन शब्द. तोंडातून निघतं 'पिकिटप'. आधीच्या शब्दाचं शेवटचं व्यंजन पुढच्या स्वराला जाऊन चिकटतं. आपला कान 'इट' शोधत बसतो आणि तिथे असतं 'किट'. बोलणारा अमेरिकन असेल तर दोन स्वरांमधला 'ट' मऊ पडून 'पिकिडप'.

तसं हे आपल्याला नवं नाही. 'अति' आणि 'अंत' यांचं 'अत्यंत', 'जगत्' आणि 'नाथ' यांचं 'जगन्नाथ' हे शाळेत घोकलेलंच आहे. 'सी इट'चं 'सीयिट', 'गो ऑन'चं 'गोवॉन', 'टेन बॉइज'चं 'टेम्बॉइज' ही त्याच जातीची मंडळी. आपण संधी झाली की तशी लिहून टाकतो. इंग्रज लिहीत नाहीत, एवढंच. ब्रिटिशांचा 'र' तर आणखी खोडकर. एकटं 'कार' म्हणताना तो गायब, 'कार इज' म्हणताना हजर, आणि 'लॉ अँड ऑर्डर'मध्ये स्पेलिंगात नसतानाही घुसतो: 'लॉरन् ऑर्डर'.

मला सगळ्यात उपयोगी पडलेला सराव म्हणजे देवनागरीत लिहून काढणं. ज्याचा लिखित मजकूर मिळेल असं संभाषण घ्यायचं, एका वेळी एकच वाक्य. मजकूर न बघता जे कानावर पडेल तेच लिहायचं, अर्थ लागो न लागो. 'टेलिम', 'डिज्यू', 'नेक्स्डे' असलं काहीतरी कागदावर उतरतं. मग मजकूर उघडायचा: 'टेल हिम', 'डिड यू', 'नेक्स्ट डे'. स्पेलिंगपेक्षा आपली लिपी इथे कितीतरी प्रामाणिक ठरते. ('कप ऑफ टी' मात्र घाईत जवळपास 'कपटी' ऐकू येतं, त्याला इलाज नाही.)

यात 'ऑफ', 'अँड', 'टू', 'कॅन' या किरकोळ शब्दांकडे जास्त लक्ष द्या. आपण प्रत्येकाला पूर्ण स्वर देतो. ते लोक स्वर जवळजवळ गिळतात. 'कॅन'चं उदाहरण बघा. 'आय कॅन डू इट' सहज बोलताना 'आय कन् डू इट' होतं. 'कान्ट' किंवा अमेरिकन 'कॅन्ट' म्हणताना शेवटचा 'ट' बऱ्याचदा ऐकूच येत नाही, पण स्वर पूर्ण राहतो. म्हणजे होकार की नकार हे त्यांचा कान 'ट'वरून कमी आणि स्वरावरून जास्त ठरवतो. आपण ठासून 'आय कॅन' म्हटलं की समोरचा गोंधळून पुन्हा विचारतो तो यामुळे. कॉलवर 'हो' म्हणताना मी आता 'येस, आय कन् डू दॅट' असं 'डू'वर जोर देऊन म्हणतो.

'वॉना' (वाँट टू), 'गॉना' (गोइंग टू) पाठ करायची हौस अनेकांना असते. ऐकून ओळखता आले की पुरे. मुलाखतीत ते मुद्दाम पेरले की उसने वाटतात. बोलण्यात आधी एवढंच आणा: व्यंजनानंतर स्वर आला की मध्ये थांबायचं नाही. बाकीचं ऐकता ऐकता येतं.

आणि जोडाजोडीचा कितीही सराव झाला तरी नावं, तारखा, रकमा तोडूनच सांगाव्यात. 'फिफ्टी' आणि 'फिफ्टीन'मध्ये शंका उरू नये म्हणून मी तर पुढे 'फाइव्ह-झीरो' किंवा 'वन-फाइव्ह' असं जोडूनच टाकतो.