जुन्या बोटीचा इन्शुरन्स किती रकमेचा काढायचा?
जुनी बोट घेतली की आपण खरेदीचाच आकडा फॉर्मवर ठोकून देतो, तसं करू नका. आधी बोट पाण्याबाहेर काढून मरीन सर्व्हेयरकडून तपासून घ्या, तो छोटी हातोडी घेऊन हलवर, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या कवचावर, टकटक करत फिरतो, आवाज बद्द आला की आत फायबरचे थर सुटलेत नाहीतर लाकूड कुजलंय अशी शंका येते आणि किंमत तिथेच उतरते. इंजिन किती तास चाललंय तेही बघा. तशाच बोटी खरंच कितीला विकल्या गेल्या ते शोधा, जाहिरातीतला आकडा बहुतेक वेळा फुगवलेलाच असतो. बोट वाहून नेणाऱ्या ट्रेलरची किंमत वेगळी लिहून घ्या. आणि पॉलिसी ॲग्रीड व्हॅल्यूची, म्हणजे आधीच ठरलेली रक्कम देणारी, आहे का ते नक्की विचारा, मार्केट व्हॅल्यूवाल्या पॉलिसीत बोट बुडाली तर घसारा कापूनच पैसे हातात येतात.