तपकिरी कोळसा आणि धातूंचे उत्प्रेरक: ब्लँक आधी, निकेल नंतर

रत्नागिरी, चिपळूण, महाडकडची एमएस्सी झालेली किंवा होत आलेली मुलंमुली विचारतात, धातूंच्या कॅटॅलिसिसमध्ये (धातू उत्प्रेरक होऊन अभिक्रियेला वेग देतात, त्याच्या अभ्यासात) पीएचडी करावी का, आणि त्यात लिग्नाइटचा, म्हणजे तपकिरी कोळशाचा, विषय पदरात पडला तर घ्यावा का. पहिल्याचं उत्तर हो. दुसऱ्याचं उत्तर मी माणूस बघून देते. ज्याला पांढरेशुभ्र स्फटिक गाळून एनएमआरला (रेणूची रचना दाखवणाऱ्या यंत्राला) पाठवण्यात समाधान वाटतं, त्याने लिग्नाइटच्या वाटेला जाऊ नये. या कोळशाला ठरलेला रेणू नाही, ठरलेलं सूत्र नाही, आणि एकाच खाणीतल्या दोन पोत्यांचं आपसात पटत नाही. हे चालत असेल तर या.

घरी काय ऐकावं लागेल तेही सांगते. माझ्या मामांनी विषय ऐकल्यावर ‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ एवढं म्हटलं आणि पेपर उघडला. मामीचा प्रश्न जास्त रास्त होता: ‘अगो, पण आपल्याकडे कोळसा आहे कुठे?’ आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात जांभ्याच्या खाली मातीचे जे थर लागतात, त्यांत लिग्नाइटचे पातळ, तुटक पट्टे सापडतात. खाण काढण्याजोगे ते नाहीत. कामाचा लिग्नाइट तमिळनाडूतल्या नेव्हेलीचा, कच्छचा, राजस्थानातल्या बारमेर-बिकानेरकडचा. नमुने तिकडूनच मागवावे लागतात.

या विषयाचा इतिहास वाचून घ्या, मुलाखतीत उपयोगी पडतो आणि एरवीही मजेदार आहे. जर्मनीकडे पेट्रोलियम नव्हतं, तपकिरी कोळसा मात्र भरपूर. बर्गियसने १९१३ मध्ये कोळशावर दाबाखाली हायड्रोजन चढवून तेल काढायचं पेटंट घेतलं, लॉयना इथे १९२७ मध्ये तपकिरी कोळशापासून इंधन बनवणारा कारखाना सुरू झाला, आणि १९३१ मध्ये बर्गियस व बॉश यांना नोबेल मिळालं. दुसरी वाट फिशर आणि ट्रॉप्श यांची, १९२५-२६ च्या सुमाराची: कोळशाचा आधी वायू करायचा, मग कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन लोह किंवा कोबाल्टवर जोडून हायड्रोकार्बन बनवायचे. अमेरिकेत नॉर्थ डकोटातल्या ब्यूलाला १९८४ पासून लिग्नाइटचा वायू करून, निकेलवर त्याचा मिथेन करून पाइपलाइनमध्ये सोडतात. बॉक्साइटातून ॲल्युमिना काढल्यावर उरणारा लोहयुक्त लाल गाळसुद्धा कोळशाच्या द्रवीकरणात स्वस्त उत्प्रेरक म्हणून वापरला गेला आहे. आपल्याकडच्या तांबड्या मातीकडे मी तेव्हापासून जरा आदराने बघते.

आता ज्या एका गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती. यावर मी जरुरीपेक्षा जास्त बोलणार आहे, कारण यात मी बराच काळ अडकून होते.

लिग्नाइटमध्ये ऑक्सिजन पुष्कळ असतो. ओलावा आणि राख वजा केल्यावर उरलेल्या वजनाच्या साधारण पाव भाग. त्यातला बराचसा कार्बोक्सिल (आम्लधर्मी COOH) गटांत असतो, आणि जमिनीखाली पाणी झिरपत असताना या गटांनी सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम, थोडं लोह असं काय काय धरून ठेवलेलं असतं. हे धातू खनिजाच्या खड्यांत नसतात, सगळ्या कोळशाभर आयनांच्या रूपात पसरलेले असतात. कोळसा तापवला की याच कॅल्शियमचं अतिशय बारीक विखुरलेलं ऑक्साइड तयार होतं, आणि वाफ किंवा कार्बन डायऑक्साइडबरोबरच्या गॅसिफिकेशनला, म्हणजे कोळशाचा वायू होण्याला, ते वेग देतं. म्हणजे तुम्ही काहीही न घालता कोळशात कॅटॅलिस्ट आहे. आमटीत सासूने मीठ आधीच घातलेलं आहे, आणि तुम्ही वरून चिमूटभर टाकून चव माझ्यामुळे आली म्हणताय.

एवढं वाचून ‘हे तर सगळ्या रिव्ह्यूंमध्ये असतं’ असं वाटेल. असतं. खरी खोच पुढे आहे. तुम्ही निकेलच्या क्षाराच्या द्रावणात कोळसा ढवळता, तेव्हा निकेल कार्बोक्सिल गटांवर जाऊन बसतो, आणि तिथे बसलेलं कॅल्शियम उठून गाळलेल्या पाण्यात निघून जातं. आता कच्चा कोळसा आणि निकेल चढवलेला कोळसा यांची तुलना केलीत, तर एक नव्हे, दोन गोष्टी बदलल्या आहेत. निकेल आला, कॅल्शियम गेलं. वेग वाढला तर सगळं श्रेय निकेलचं नाही, आणि वाढला नाही तर दोषही त्याचा नाही. त्यात दोघांचा जोर निरनिराळ्या तापमानाला. निकेल चांगला पसरलेला असेल तर ५००–६०० अंशांनाच लिग्नाइटचा वायू करायला लागतो. तोहोकु विद्यापीठातलं १९८०च्या दशकातलं काम यासाठी वाचा. कॅल्शियमचा दम त्याहून वरच्या तापमानाला दिसतो. फार वर गेलात तर दोघांचेही कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि जोर ओसरतो. मी एकाच, वरच्या तापमानाला मापं घेऊन ‘निकेल चालत नाही’ असं गाइडना ठासून सांगत होते.

म्हणून नमुने असे करा. कच्चा कोळसा, जसा आला तसा. कच्चा कोळसा, पण निकेलच्या द्रावणाइतक्याच वेळ, तितक्याच पीएचला, नुसत्या पाण्यात ढवळलेला. हा नमुना कुणी करत नाही, आणि सोडियम पाण्यानेच केवढं निघून जातं ते यातूनच कळतं. मग सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने धुतलेला. धुतलेल्यावर निकेल. कच्च्यावर निकेल. आणि सगळ्यांत महत्त्वाचा, धुतलेल्यावर कॅल्शियम परत चढवलेला. धुतल्यावर वेग पडला आणि कॅल्शियम परत दिल्यावर सावरला, तर तुमच्याकडे पुरावा आहे. नुसत्या धुतलेल्या नमुन्यावर विसंबू नका, कारण आम्लाने छिद्रांची रचना बदलते आणि क्लोरीन मागे राहतं. धातू चढवायला शक्यतो ॲसिटेट घ्या. नायट्रेट नीट धुतलं गेलं नाही तर तापवताना ते स्वतःच कोळसा जाळतं. आणि आयसीपीला (धातूंचं प्रमाण मोजणाऱ्या यंत्राला) फक्त कोळसा पाठवू नका, गाळलेलं पाणीही पाठवा. किती आत गेलं याच्याइतकंच किती बाहेर आलं हे महत्त्वाचं.

भांड्याचंही तेच. ३१६ स्टीलमध्ये १०–१४% निकेल असतो. कोळशावर ३% निकेल चढवायचा आणि प्रयोग करायचा तो निकेलच्याच भिंतीत! क्वार्ट्झची नळी किंवा काचेचं अस्तर मागा. मिळालं नाही, तर रिकाम्या भांड्याचा ब्लँक (तपासायची गोष्ट न घालता, बाकी सगळं तेच ठेवून केलेला प्रयोग) करा, आणि तुमच्या आधी त्या भांड्यात कुणी काय शिजवलं त्याची वही बघा.

सेंद्रिय रसायनवाल्यांनी हसू नये. धातूशिवाय सुझुकी कपलिंग (एरवी पॅलेडियमवर होणारी, कार्बनला कार्बन जोडणारी अभिक्रिया) होतं असं लेडबीटरच्या गटाने २००३ मध्ये छापलं. २००५ मध्ये त्यांनीच पुन्हा तपासून सांगितलं, की बाजारच्या सोडियम कार्बोनेटमध्ये अब्जात ५० भागांइतकं पॅलेडियम होतं आणि काम तेच करत होतं. प्रांजळपणे छापलं, म्हणून मला तो गट आवडतो. लोहाच्या क्लोराइडच्या नावावर जमा झालेल्या काही अभिक्रियांत तांब्याचा अंश होता, हे बुकवाल्ड आणि बोल्म यांनी २००९ मध्ये दाखवलं. जुना मॅग्नेटिक स्टिरर बारसुद्धा पॅलेडियम धरून ठेवतो. महत्त्वाच्या ब्लँकला नवा बार घ्या. स्टोअरवाला कुरकुरेल, कुरकुरू दे.

ओलाव्याबद्दल थोडक्यात, कारण हे तुमच्या मापांत रोज येणार. नेव्हेलीचा लिग्नाइट खाणीतून निघतो तेव्हा जवळजवळ निम्मा पाणी असतो, ऑस्ट्रेलियाच्या लॅट्रोब खोऱ्यातला त्याहूनही ओला. हवेवर वाळवलेला नमुना ही कोकणात जुलैत थट्टा आहे. सकाळी वजन केलेला नमुना दुपारी वेगळं वजन दाखवतो. प्रत्येक वजनाबरोबर त्याच दिवशीचा ओलावा मोजा, आणि आकडे ओलावा-राख वजा करून द्या. समजा १ ग्रॅम नमुन्यात १२% ओलावा आणि ६% राख, तर तुमच्याकडे कामाचा कोळसा ०.८२ ग्रॅम आहे. परिवर्तन, म्हणजे किती कोळशाचा वायू झाला ते, त्याच्यावर काढायचं. वाळवायचा तर नायट्रोजनमध्ये, उघड्या ओव्हनमध्ये १०५ अंशांवर ठेवलात तर लिग्नाइट वाळतो आणि थोडा ऑक्सिडाइझही होतो. बाटलीचं झाकण घट्ट ठेवा. खिडकीतून येणारी जांभ्याची धूळ म्हणजे लोहाचं ऑक्साइडच.

शॉर्टकटांबद्दल माझं मत कडू आहे. एकाच हीटिंग रेटच्या टीजीए (तापवताना वजन किती घटतं ते मोजणाऱ्या यंत्राच्या) आलेखावरून सक्रियन ऊर्जा काढणारे पेपर मी आता उघडतही नाही. सरळ रेष येते, आर वर्गाचा आकडा सुंदर येतो, अर्थ काही नसतो. नमुन्याचा थर जाड असेल, तर तुम्ही मोजता तो वायूच्या शिरण्याचा वेग. थर पातळ करा, वायूचा प्रवाह बदला, कण बारीक करा. वेग बदलला नाही तरच रसायन मोजताय. आणि यंत्रचालकाला फक्त बाटली देऊन पीडीएफची वाट बघणारं पोर मला दुरून ओळखू येतं. शेजारी बसून बघा हो. तेवढ्यात निम्मं शिकून होतं.

गाइड मोठ्या नावाचा हवा, हा हट्ट सोडा. आठवड्यातून एकदा तुमची कच्ची वही उघडून बघणारा मध्यम नावाचा माणूस बरा. भेटायला जाल तेव्हा प्रयोगशाळेतल्या सीनियरांना एकटं गाठून विचारा, की गॅसचं सिलिंडर संपलं तर नवं किती दिवसांत येतं, आणि उलटा निकाल आला तर गाइड काय म्हणतात. मी जिथे होते तिथे दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चांगलं होतं, पहिल्याचं भयंकर. धनबादचं सिंफर, पुण्याचं एनसीएल, माटुंग्याचं आयसीटी या संशोधनसंस्थांची नावं तुम्हाला ठाऊक आहेतच. जेआरएफ (पीएचडी करणाऱ्याला मिळणारी शिष्यवृत्ती) २०२३ पासून महिना ३७,००० झाली आहे. घरी पाठवायला थोडे उरतात, फार नाही.

सुरक्षेबद्दल मात्र समजावणार नाही, दमच देते. निकेलवर कार्बन मोनॉक्साइड असताना भट्टी थंड होऊ द्यायची नाही. २०० अंशांच्या खाली निकेल कार्बोनिल बनतं आणि ते जीवघेणं विष आहे. आधी नायट्रोजनने वायू धुऊन काढा, मग थंड करा. रॅने निकेल (सच्छिद्र निकेलचा उत्प्रेरक) पाण्याखालीच ठेवा, कोरडा झाला की पेटतो. बारीक वाळवलेला लिग्नाइटही मोठ्या ढिगात आपोआप तापतो. यातलं एकही काम रात्री एकट्याने करायचं नाही, गाइड म्हणाले तरी.

‘पण कोळशाला भवितव्य आहे का?’ जाळण्यापुरतं बोलाल तर जगभर ते आकसतंय. ऑस्ट्रेलियातलं हेझलवूड वीजकेंद्र २०१७ मध्ये बंद झालं, जर्मनीने २०२० मध्ये कायदा करून उशिरात उशिरा २०३८ ची मुदत घातली. लॅट्रोबच्या कोळशापासून केलेला हायड्रोजन जपानच्या जहाजाने २०२२ मध्ये कोबेला नेऊन दाखवला, पण त्यात निघणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचं काय करायचं हा प्रश्न राहतोच. तरी घाबरू नका. काजूची टरफलं, नारळाच्या करवंट्या यांचं गॅसिफिकेशन करायला गेलात तर त्यांत पोटॅशियम आधीच बसलेलं आहे, म्हणजे वर सांगितलेला सगळा खेळ तोच, फक्त धातू वेगळा. लिग्नाइटवर हात बसलेल्याला हे दुसऱ्या दिवशी जमतं.

आणि लोटे-परशुराम, महाड, रोहा, तळोजा या पट्ट्यात औषधं, रंग आणि शेतीरसायनांचे कारखाने आहेत. हायड्रोजनेशन करणाऱ्यांना धातू-उत्प्रेरक हाताळलेली माणसं लागतात. तिथे मुलाखतीत तुमच्या पेपरांबद्दल फारसं कुणी विचारत नाही. पॅलेडियम ऑन कार्बन (कार्बनच्या भुकटीवर चढवलेलं पॅलेडियम) गाळल्यावर फिल्टरवरच्या केकचं काय करता, हे विचारतात. मिथेनॉलने ओला केक कोरडा खेचायचा नाही, तो हवेत पेट घेतो. नायट्रोजनखाली गाळायचा, पाण्याने धुऊन पाण्यात ओलाच ठेवायचा, वजनाची नोंद करायची आणि धातू परत काढायला पाठवायचा. हे पाठ करून जाऊ नका, पीएचडीत एकदा तरी स्वतःच्या हाताने करा, कुणी जाणतं शेजारी उभं असताना.