सोयाबीनमधील तणनाशके: स्वरूप आणि मिश्रण

निफाड, येवला किंवा सिन्नर भागात पेरणीनंतर पाऊस लागून राहिला की खुरपणी लांबते आणि तणनाशकाची फवारणी करावी लागते. तेव्हा औषधाच्या नावाइतकेच बाटलीवरील ईसी (पाण्यात दुधाळ होणारे तेलकट द्रावण), एसएल (पाण्यात विरघळणारे द्रावण), डब्ल्यूजी (पाण्यात पसरणारे दाणे) ही स्वरूपदर्शक अक्षरे पाहावीत. पेंडीमेथालिन हे तणनाशक पेरणीनंतर, उगवणीपूर्वी ओलसर जमिनीवर फवारतात. उगवणीनंतरचे इमॅझेथापायर १० एसएल (१० टक्के) एकरी ४०० मिली, तणे दोन ते चार पानांवर असताना द्यावे.

क्विझालोफॉपसारखे गवतनाशक रुंद पानांच्या तणांवरील औषधात स्वतःच्या अंदाजाने मिसळल्यास गवतावरील परिणाम घटू शकतो. म्हणून लेबलवर शिफारस असलेले तयार मिश्रणच मला अधिक भरवशाचे वाटते. टाकीत मिसळणे अटळ असेल, तर आधी काचेच्या बरणीत त्याच पाण्यात थोडे मिश्रण करून अर्धा तास ठेवावे. साका, गुठळ्या किंवा दह्यासारखा थर दिसल्यास ते फवारू नये. टाकी निम्मी भरून प्रथम डब्ल्यूजी, मग ईसी, शेवटी एसएल घालावे आणि सतत ढवळावे. पाणी गढूळ नसावे.

इमॅझेथापायरचा अंश जमिनीत रेंगाळतो आणि कांदा त्यास संवेदनशील आहे, त्यामुळे सोयाबीननंतर कांदा लावायचा असल्यास लेबलवरील पुढील पिकाची सूचना आधी वाचावी.