मीटर उघडताय? दुरुस्तीच्या बाकावरच्या या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात एक वायरमन त्याचा मल्टिमीटर माझ्याकडे दुरुस्तीला घेऊन आला. "काका, बाकी सगळं चालतंय, फक्त अँपिअर दाखवत नाही." मागचं झाकण काढलं. फ्यूज जागेवर होता, पण त्याच्याभोवती सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळलेला. कधीतरी लाल वायर अँपिअरच्या सॉकेटात राहिली, जिथे मीटर आतून जवळजवळ सरळ तारच असतो, आणि त्यानं तशीच ती फेज-न्यूट्रलला लावली. कागद उडेना, म्हणून बोर्डावरचा ट्रॅक उडाला. प्लास्टिकवर बोटभर काळा पट्टा उमटला होता आणि ट्रॅकचं तांबं झाकणाच्या आतल्या बाजूला शिंतोड्यांसारखं चिकटलं होतं. हात भाजला नाही हे त्याचं नशीब.

मोजमापाच्या उपकरणांची गंमत अशी, की संरक्षणासाठी घातलेली वस्तू काढून टाकली तरी ती चालतात. फ्यूजऐवजी तार लावा, मीटर चालतो. स्कोपची (लाटा दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपची) अर्थ पिन मोडा, स्कोप चालतो. इनपुटचा पीटीसी (तापला की करंट अडवणारा रेझिस्टर) जळाला म्हणून त्यावर तारेचा जंपर मारा, आकडा अगदी बरोबर येतो. त्यामुळे या चुका वर्षानुवर्षं खपतात आणि "मी तर नेहमी असंच करतो" हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकू येतं.

फ्यूज बसला म्हणजे झालं, असं नाही

काचेचा २५० व्होल्टचा फ्यूज आणि चांगल्या मीटरमधला १००० व्होल्टचा सिरॅमिक एचआरसी (मोठा शॉर्ट तोडू शकणारा) फ्यूज यांत फरक फक्त आकाराचा नाही. मोठ्या शॉर्टमध्ये काचेच्या फ्यूजची तार वितळते, पण मधल्या जागेत ठिणगीची कमान तशीच पेटती राहू शकते. एचआरसीच्या पोटात वाळू भरलेली असते, ती ही कमान विझवते. चांगल्या मीटरमध्ये मिलिअँपिअरसाठी ४४० मिलिअँपिअर आणि मोठ्या सॉकेटसाठी ११ अँपिअर असे आकडे बऱ्याचदा दिसतात. किंमत ऐकून गिऱ्हाईक दचकतं, कारण तेवढ्यात पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला एक साधा मीटर येतो. तरी फ्यूजवर लिहिलेले अँपिअर आणि व्होल्ट दोन्ही जुळवूनच घ्या. बऱ्याच स्वस्त मीटरच्या १० अँपिअर सॉकेटवर 'अनफ्यूज्ड' असं छापलेलं असतं. तिथे फ्यूज नसतोच. असा मीटर घरच्या लाइनवर करंट मोजायला वापरू नका.

पुष्कळ मीटरमध्ये फ्यूज न उघडता तपासता येतो. मीटर कुठेही जोडलेला नसताना लाल वायर व्होल्ट-ओहमच्या सॉकेटात ठेवा, नॉब ओहमवर फिरवा आणि त्याच वायरचं टोक अँपिअरच्या सॉकेटात टेकवा. मोठ्या सॉकेटला जवळजवळ शून्य यायला हवं. मिलिअँपिअरला मीटरनुसार काही ओहमपासून हजारभर ओहमपर्यंत काहीही येऊ शकतं. 'ओएल' (मोजमापाबाहेर) आलं, तर फ्यूज गेला.

करंट मोजून झाला की लाल वायर लगेच परत व्होल्टच्या सॉकेटात. चहाला जायच्या आधी.

स्कोपची अर्थ पिन मोडणं

या चुकीवर जास्त बोलायला हवं, कारण ती शिकलेली माणसं करतात.

ऑसिलोस्कोपच्या प्रोबला जी मगरीच्या तोंडाची क्लिप असते, ती बीएनसीच्या, म्हणजे स्कोपवरच्या गोल सॉकेटच्या, बाहेरच्या कड्याला जोडलेली, कडं चॅसिसला (पत्र्याच्या सांगाड्याला) आणि चॅसिस प्लगच्या तिसऱ्या पिनला. म्हणजे क्लिप ही सरळ इमारतीच्या अर्थिंगला जाणारी तार आहे. एसएमपीएसच्या (स्विचिंग पॉवर सप्लायच्या) प्रायमरी, म्हणजे लाइनकडच्या बाजूला मोठ्या कपॅसिटरचा जो निगेटिव्ह असतो, त्याला सगळे 'ग्राउंड' म्हणतात, पण तो अर्थ नव्हे. तो एसीचं डीसी करणाऱ्या डायोडच्या ब्रिजच्या मागे आहे आणि प्रत्येक सायकलच्या अर्ध्या भागात फेजबरोबर अर्थच्या खाली ३२५ व्होल्टपर्यंत जातो. क्लिप तिथे लावली, की फेज, ब्रिजचा डायोड, क्लिप, अर्थ असा सरळ रस्ता तयार होतो. धडाम. ब्रिज जातो, क्लिपचा दात वितळतो, कधी स्कोपच्या आतला ट्रॅकही जातो.

मग कुणीतरी शहाणा सांगतो, "थ्री-पिनची मोठी पिन काढून टाक, स्कोप फ्लोट कर." खरंच, आता धडाम होत नाही. पडद्यावर लाट छान दिसते. आणि स्कोपचं पत्र्याचं अंग, मोकळ्या चॅनेलचं कडं, मागच्या पॅनेलचे स्क्रू, सगळं फेजला लटकलेलं असतं. शेजारी अर्थ केलेला सोल्डरिंग स्टेशनचा स्टँड असेल आणि तुमचा एक हात इथे, एक तिथे गेला, तर करंट छातीतून जातो.

मग करायचं काय? डिफरन्शियल प्रोब असेल तर उत्तम. नसेल तर दोन चॅनेल, दोन सारखे प्रोब एक्स १० वर (व्होल्टेज दहा पट कमी करून), दोन्ही क्लिपा सर्किटपासून लांब, आणि स्कोपवर 'ए वजा बी' लावा. किंवा दुरुस्तीला आलेली वस्तू एकास एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवर चालवा. वस्तू, स्कोप नव्हे. स्कोपची अर्थ पिन जागेवरच राहते. लक्षात घ्या, या ट्रान्सफॉर्मरच्या पुढे आरसीसीबी (गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) तुमच्या मदतीला येत नाही. दोन तारा दोन हातांत आल्या तर वाचवणारं कुणी नाही. आणि डिमरस्टॅट म्हणजे आयसोलेशन नव्हे. व्होल्टेज कमी-जास्त होतं म्हणून तो सुरक्षित वाटतो, पण त्यात एकच वाइंडिंग असतं आणि लाइन सरळ पलीकडे जाते.

प्रोबवरचा आकडाही वाचा. साधा एक्स १० प्रोब अनेकदा ३०० व्होल्टचाच असतो आणि फ्रिक्वेन्सी वाढली की ही मर्यादा घसरते. फ्लायबॅक जातीच्या एसएमपीएसमध्ये मॉसफेट ट्रान्झिस्टरच्या ड्रेन या पायावर ५००-६०० व्होल्टचे सुळके सहज येतात. तिथे एक्स १०० लागतो. बाकी, कुठलाही प्रोब लावण्याआधी स्कोपच्याच एक किलोहर्ट्झच्या चौकोनी लाटेवर त्याचा छोटा स्क्रू फिरवून कोपरे सरळ करून घ्या. अर्धी 'बिघडलेली' लाट तिथेच दुरुस्त होते.

मी भाड्याच्या गाळ्यात असताना स्कोपच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या यायच्या. मोजलं तर पत्रा आणि जमीन यांत शंभरच्या वर व्होल्ट. महिनाभर मी स्कोपलाच दोष दिला. दोष बोर्डाचा होता. सॉकेटला तिसरं भोक होतं, पण त्यामागे तारच नव्हती. सप्लायच्या फिल्टरमध्ये फेज ते चॅसिस आणि न्यूट्रल ते चॅसिस असे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थ तुटला की चॅसिस दोन्हींच्या मध्ये, म्हणजे साधारण ११५ व्होल्टवर तरंगतं. झिणझिण्या आल्या की स्कोप उघडू नका, आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या.

प्लग काढला, पण कपॅसिटर जागा आहे

२३० व्होल्ट रेक्टिफाय झाले की मोठ्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी येतात. २२० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर त्यात साडेअकरा ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. स्क्रूड्रायव्हरनं शॉर्ट करून 'टक्क' आवाज ऐकायची सवय अनेकांना आहे. त्यात स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला खड्डा पडतो, कधी कपॅसिटर आतून दुखावतो आणि दचकून हात दुसरीकडेच लागतो. १० किलो-ओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड वायरांना जोडून ठेवा. वरच्या कपॅसिटरला दहा-अकरा सेकंदांत तो दोन-तीन व्होल्टवर आणतो. मग मीटर लावून खात्री करा, आणि थोड्या वेळानं पुन्हा, कारण मोठे कपॅसिटर आपणहून थोडे भरतात.

मीटरवर शून्य आलं म्हणजे शून्यच आहे, असंही नाही. प्रोबची वायर मानेपाशी आतून तुटलेली असेल तर सगळं जगच शून्य दिसतं. म्हणून आधी चालू असल्याची खात्री असलेल्या ठिकाणी मोजा, मग बंद जागी, मग परत चालू ठिकाणी. तिसरी पायरी सगळे गाळतात.

कॉलेजच्या लॅबमधून जुने पिक्चर ट्यूबवाले सीआरओ, म्हणजे जुन्या धाटणीचे स्कोप, येतात. त्यांच्या ट्यूबला काही हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही टिकतात. शिवाय काच फुटली तर तुकडे जोरात उडतात. सेटच्या हाय व्होल्टेजची माहिती नसेल तर त्या हाय व्होल्टेजच्या डबीला हात लावू नका. मी एकटा असताना ती बाजू उघडत नाही.

दोष मीटरचा, की मोजण्याचा?

एक गृहस्थ घरी २६० व्होल्ट येतात म्हणून स्टॅबिलायझर घ्यायला निघाले होते. मीटरची ९ व्होल्टची बॅटरी उतरली होती. साध्या मीटरमधला ७१०६ जातीचा आयसी इनपुटची तुलना आतल्या संदर्भ व्होल्टेजशी करतो. बॅटरी फार उतरली की संदर्भच खाली येतो आणि आकडा फुगतो. नवी बॅटरी घातल्यावर त्यांच्या घरात २३२ व्होल्ट निघाले.

स्विच बंद असलेल्या खोलीतल्या तारेवर ६०-७० व्होल्ट दिसतात आणि दिवा लागत नाही, यातही भूत नाही. डिजिटल मीटरचा इनपुट साधारण १० मेगाओहमचा असतो, त्याला शेजारच्या तारेतून झिरपलेलं व्होल्टेजही दिसतं. मात्र 'हे झिरपलेलंच असणार' असं गृहीत धरून हात लावू नका.

डिस्प्लेवर अर्धे आकडे दिसत नसतील तर काच आणि बोर्डामधली रबरी झेब्रा पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. थिनर किंवा पेट्रोल नको, खिडकी धुरकट होते. नॉबखालच्या गोल ट्रॅकवर सॅंडपेपर तर अजिबात नको. बोर्डावर बोटांचे डाग आणि फ्लक्स ठेवलात तर कोकणातल्या दमट हवेत मोठ्या ओहमचे आकडे भलतेच येतात. अल्कलाइन सेल पाझरला असेल तर पांढऱ्या थरावर व्हिनेगरचा बोळा चालतो, कारण तो थर अल्कधर्मी असतो. जुन्या साध्या कार्बन-झिंक सेलचा पाझर आम्लधर्मी असतो, तिथे व्हिनेगर उलटं नुकसान करतं.

आतले प्रीसेट (आकडा जुळवायचे छोटे स्क्रू) सवय म्हणून फिरवू नका. आकडा चुकला की आधी बॅटरी, प्रोब, फ्यूज, घाण बघा. प्रीसेट सगळ्यांत शेवटी, तोही मार्करनं मूळ जागा खूण करून आणि तुलनेला खात्रीचा मीटर असेल तरच. कंपनीच्या ऑडिटला लागणारा दाखला मात्र सहसा एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं मंडळ) मान्यतेच्या प्रयोगशाळेतून मिळवावा लागतो. माझी सही तिथे चालत नाही.

मीटरवर छापलेली कॅट २, कॅट ३ ही अक्षरंही बघायची असतात; मीटर कुठल्या लाइनवर चालेल ते ती सांगतात. घरच्या प्लगला लावलेल्या वस्तूंसाठी कॅट २, डीबीसाठी (वितरण बोर्डासाठी) कॅट ३, खांबावरून घरच्या वीज मीटरकडे येणाऱ्या लाइनला कॅट ४. ट्रॅक उडालेला, तारेनं जोडलेला मीटर यातल्या कशातच बसत नाही.

तेच मी त्या वायरमनला सांगितलं. फ्यूजची किंमत ऐकून तो थोडा वेळ गप्प बसला, मग "काका, ठेवा तुमच्याकडेच" म्हणून गेला. तो मीटर अजून माझ्या बाकावर आहे. सेल तपासायला वापरतो. अँपिअरची दोन्ही सॉकेटं एम-सील भरून बंद केली आहेत.