संभाजीनगरात घर बघायलात? टोकन द्यायच्या आधी एवढं करा

बिडकीनला टोयोटा येणार हे जुलै २०२४ मध्ये जाहीर झालं, शेंद्र्याचं ऑरिक (औद्योगिक शहर) आधीपासून आहेच, त्यात जून २०२५ पासून समृद्धी महामार्ग पूर्ण सुरू झाला, त्यामुळं पैठण रोड म्हणा की बीड बायपास, जो तो म्हणायलाय आज नाही घेतलं तर दिवाळीत या भावात मिळायचं नाही. भाव वाढायलेत हे खरंच आहे. पण एजंट सांगतो तो भाव वेगळा आणि रजिस्ट्रीत उतरलेला वेगळा, आणि हा दुसरा भाव घरबसल्या बघता येतो.

नोंदणी व मुद्रांक विभागाच्या साईटवर ई-सर्च आहे, फुकट. वर्ष, गाव (आपल्याकडचं सातारा, देवळाई, कांचनवाडी जे असेल ते) आणि गट नंबर टाकला की इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या व्यवहाराचा सारांश) निघतो, त्यात रक्कम किती, एरिया किती सगळं असतं. त्याच बिल्डिंगमधले किंवा शेजारचे वर्षभरातले चार-पाच काढा, रकमेला एरियाने भागा अन् कागदावर लिहून बोलायला बसा. फक्त कार्पेटची (घराच्या आतली वापरायची जागा) तुलना कार्पेटशीच करा, जाहिरातीत सुपर बिल्टअप (भिंती, जिना, लॉबीचा वाटा धरून) सांगतात आणि तिथंच गंडायला होतं. काही ठिकाणी थोडी रक्कम कागदावर न दाखवता वरून दिलेली असते हे धरून चाला, तरी अंदाज पक्का येतो.

बांधकाम चालू असलेला फ्लॅट असेल तर महारेराच्या (बिल्डरांच्या प्रोजेक्टवर नजर ठेवणारं सरकारी प्राधिकरण) साईटवर प्रोजेक्ट नंबर टाकून ताबा कधीचा लिहिलाय ते बघा. करारनामा रजिस्टर केल्याशिवाय बिल्डरला १० टक्क्यांपेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत, रेरा कायद्याचं कलम १३. कोणी "नंतर करू करारनामा, आधी २५ टक्के टाका" म्हणालं तर उठून या.

आता पाणी. जायकवाडी एवढं जवळ असून नळाला रोज पाणी येत नाही हे इथं कोणाला सांगायला नको, आणि शहराबाहेरच्या नव्या सोसायट्यात तर बऱ्याच ठिकाणी सगळं बोअर आणि टँकरवर. म्हणून सॅम्पल फ्लॅटमधला सोफा बघत बसू नका, खाली जाऊन वॉचमनला विचारा मे महिन्यात दिवसाला किती टँकर आले, पैसे मेंटेनन्समधून गेले का वेगळे घेतले. जमलं तर अंडरग्राउंड टाकीचं झाकण उघडून बघा. माझं स्पष्ट मत आहे, मार्बलपेक्षा हे शंभरपट महत्त्वाचं.

प्लॉटवाल्यांनी तर अजून सांभाळून. बाँडवरचा प्लॉट स्वस्त दिसतो म्हणून लोक आयुष्याची कमाई टाकतात, पण नोटरी केलेला बाँड म्हणजे खरेदीखत नाही, सातबाराला तुमचं नाव लागत नाही, बँक लोन देत नाही. गुंठेवारीचा (परवानगीशिवाय गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले प्लॉट नियमित करण्याचा) कायदा २००१ चा, २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला तो लागू झाला. विकणारा "गुंठेवारी होऊन जाईल" म्हणत असेल तर महापालिकेचं नियमित केल्याचं प्रमाणपत्र हातात मागा, नसेल तर इसार देऊच नका.

आणि ज्यांना सध्या भाड्यानेच राहायचंय त्यांनी त्यात कमीपणा मानू नका, हप्ता भाड्याच्या दुप्पट-तिप्पट जात असेल तर थांबणंच बरं. फक्त अकरा महिन्यांचा करार नोटरीवर नको, रजिस्टर करा, ऑनलाईन होतो. भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, हे मालकांना शांतपणे सांगितलं की बहुतेक तयार होतात. अकरा महिन्यांनी भाडं किती टक्के वाढणार, डिपॉझिट किती दिवसात परत, टँकरचे पैसे कोणाकडे, हे तिन्ही करारात लिहून घ्या. चावी घेतल्या दिवशी लाईट मीटरच्या रीडिंगचा फोटो काढून मालकांना व्हॉट्सअॅपवर टाका, भिंतीला आधीची ओल असेल तर तिचाही.