जुना कॉम्प्युटर गेमिंगसाठी तयार करताना: आधी अडते कुठे ते शोधा

आठ-दहा वर्षांचा कॉम्प्युटर रोजची कामे निमूट करतो, पण एखादा नवा गेम सुरू केला की धापा टाकू लागतो. मग बहुतेक जण लगेच ग्राफिक्स कार्ड शोधायला लागतात. गेमिंगमध्ये कार्डाचे महत्त्व मोठे आहेच, पण ते कार्ड ज्या पॉवर सप्लायवर, ज्या प्रोसेसरच्या जोडीने आणि ज्या कॅबिनेटमध्ये चालणार, त्यांचा विचार आधी झाला नाही तर पैसे खर्चूनही गेम तसाच अडखळत राहतो. म्हणून खाली दिलेला क्रम शक्यतो मोडू नका.

पहिली पायरी: आत काय आहे ते लिहून काढा

सीपीयू-झेड आणि जीपीयू-झेड ही दोन मोफत सॉफ्टवेअर टाका. प्रोसेसरचे पूर्ण नाव, मदरबोर्डचे मॉडेल, रॅमचा प्रकार, किती स्लॉट भरलेले आणि किती रिकामे, ग्राफिक्स कार्ड आणि त्याची व्हीरॅम (कार्डाची स्वतःची मेमरी) हे सगळे एका कागदावर उतरवा. मग कॅबिनेट उघडा. एसएमपीएसवरच्या (म्हणजे पॉवर सप्लायवरच्या) लेबलचा फोटो काढा आणि ग्राफिक्स कार्डाच्या जागेची लांबी टेपने मोजा. हा कागद पुढे प्रत्येक खरेदीला लागणार आहे.

दुसरी पायरी: अडते कुठे ते मोजा

तुम्हाला जो गेम खेळायचा आहे तोच लावा. एमएसआय आफ्टरबर्नरसारखे सॉफ्टवेअर वापरून पडद्याच्या कोपऱ्यात एफपीएस (सेकंदाला किती चित्रे दिसतात तो आकडा), कार्डाचा वापर, प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा (आतल्या स्वतंत्र काम करणाऱ्या भागाचा) वापर, रॅम, व्हीरॅम आणि तापमान दिसेल असे करा. पंधरा-वीस मिनिटे खेळा. सुरुवातीच्या दोन मिनिटांत उष्णता चढलेली नसते, त्यामुळे तेवढ्यावर निष्कर्ष काढू नका.

ग्राफिक्स कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर कार्ड कमी पडते आहे. कार्ड ५०-६० टक्क्यांवर निवांत आहे आणि एफपीएस तरीही कमी, तर बहुतेक वेळा प्रोसेसर मागे पडतो आहे. इथे एक गोष्ट फसवते. चार कोअरच्या प्रोसेसरचा एकूण वापर ४० टक्के दिसतो आणि आपल्याला वाटते, भरपूर ताकद शिल्लक आहे. प्रत्यक्षात गेमचा मुख्य भार एकाच कोअरवर असतो आणि तो कोअर पूर्ण भरलेला असतो. म्हणून एकूण आकडा न बघता प्रत्येक कोअर वेगळा बघा.

खात्री करून घ्यायची सोपी युक्ती अशी: गेमचे रिझोल्यूशन १०८०पी वरून ७२०पी वर आणा. एफपीएस झपकन वाढले तर अडचण कार्डाची. जवळजवळ तेवढेच राहिले तर प्रोसेसरची, आणि अशा वेळी कितीही मोठे कार्ड आणले तरी फरक पडणार नाही.

तिसरी पायरी: फुकट मिळणारा वेग आधी घ्या

मॉनिटरची केबल नीट बघा. ती ग्राफिक्स कार्डाला लावलेली हवी. मदरबोर्डच्या पोर्टमध्ये असेल तर अनेकदा गेम प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सवर चालतो आणि कार्ड बसून राहते. ही चूक वाटते त्यापेक्षा खूप जास्त घरांत सापडते.

मग धूळ. वीज पूर्ण बंद करून, वायर काढून, ब्लोअरने किंवा मऊ ब्रशने हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) साफ करा. हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो वेड्यासारखा फिरतो आणि त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधला उष्णता वाहणारा लेप) कित्येक वर्षांत बदललेली नसेल तर बदला. कूलर काढण्याआधी कॉम्प्युटर थोडा वेळ चालवून गरम करा, म्हणजे सुकलेली पेस्ट सैल होते. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये (मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा) पिना प्रोसेसरला असतात. कूलर सरळ वर खेचला तर प्रोसेसरही त्याच्याबरोबर उपटून येतो आणि पिना वाकतात. कूलर आधी हलके डावीकडे-उजवीकडे फिरवा, मगच उचला.

बायोसमध्ये (कॉम्प्युटर सुरू होताना उघडता येणारी मदरबोर्डची सेटिंग) एक्सएमपी, म्हणजे रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सोय, सुरू आहे का तेही तपासा. बंद असेल तर रॅम तिच्या छापील वेगापेक्षा कमी वेगाने चालत असते.

चौथी पायरी: रॅम आणि एसएसडी

आजच्या गेमसाठी १६ जीबी रॅम धरून चला. ८ जीबीची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी जोडल्यावर दुहेरी फायदा होतो: जागा वाढते आणि ड्युअल चॅनेल सुरू होते, म्हणजे दोन्ही पट्ट्या एकाच वेळी वापरल्या जातात. चार स्लॉट असतील तर कोणत्या दोन स्लॉटमध्ये जोडी बसवायची हे मदरबोर्डच्या पुस्तिकेत दिलेले असते. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा वेगवेगळ्या ठिकाणी असतात. एक दुसरीच्या जागी बसत नाही, जोर लावू नका.

एसएसडीने एफपीएस वाढत नाहीत, हे आधीच माहीत असलेले बरे. पण हार्ड डिस्कवर मोठे खुले जग असलेला गेम चालवताना जे मधूनच अडकणे होते, ते बऱ्याच अंशी थांबते. साधी साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच जोडणीवर लागणारी) सेकंदाला सुमारे ५५० एमबी वाचते, आणि जुन्या मशीनसाठी ती पुरेशी आहे. एनव्हीएमईच्या (आणखी वेगवान प्रकारच्या एसएसडीच्या) मागे लागण्यापूर्वी मदरबोर्ड तिच्यावरून सुरू होऊ शकतो का ते बघा, कारण बऱ्याच जुन्या बोर्डांना ते जमत नाही.

पाचवी पायरी: एसएमपीएस

या भागाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होते, आणि मीही ते केले होते. नवे कार्ड बसवले, गेम सुरू झाला, चित्र सुरेख आले आणि दहाव्या मिनिटाला अख्खा कॉम्प्युटर बंद पडला. दोन दिवस मी ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) बदलत आणि विंडोज नव्याने टाकत बसले. कार्डच सदोष आहे असे धरून ते परत करायला निघाले होते. शेवटी एसएमपीएसचे लेबल वाचले. डब्यावर मोठ्या अक्षरात ४५० वॉट, पण १२ व्होल्टच्या रकान्यात फक्त १८ अँपिअर. १२ गुणिले १८ म्हणजे २१६ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळजवळ सगळी वीज याच १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात, त्यामुळे माझ्या कामाचा आकडा ४५० नव्हताच, २१६ होता.

तेव्हापासून कुणी विचारले की मी आधी लेबलच बघायला सांगते. १२ व्होल्टचे अँपिअर शोधा, १२ ने गुणा, आणि कार्ड व प्रोसेसर मिळून लागणाऱ्या विजेपेक्षा हा आकडा चांगला ऐसपैस आहे ना ते पाहा.

कार्डाला वीज दोन वाटांनी मिळते. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट, आणि बाकीची एसएमपीएसच्या वेगळ्या केबलने: ६ पिनच्या केबलने ७५, ८ पिनच्या केबलने १५० वॉट. ही केबल नसेल तर साटाच्या जोडणीवरून ८ पिन बनवणारे कन्व्हर्टर मिळतात. ते कृपया वापरू नका. साटाची जोडणी १२ व्होल्टवर ५४ वॉटसाठीच बनवलेली आहे. त्यातून दीडशे वॉट ओढले तर प्लास्टिक वितळते, आगही लागू शकते.

एसएमपीएस बदलताना सुट्या केबलींचा असेल तर जुन्याच्या केबली नव्याला लावू नका. खोबण सारखी दिसली तरी आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो, आणि त्यात डिस्क किंवा मदरबोर्ड जळतो. आणि एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही आतले कपॅसिटर भारलेले राहतात.

सहावी पायरी: ग्राफिक्स कार्ड

एसएमपीएस बदलायचा नसेल, तर वेगळी केबल न लागणारी कार्डे पाहा. जीटीएक्स १६५० हे ७५ वॉटचे कार्ड आहे (काही आवृत्त्यांना मात्र ६ पिन लागते, फोटो नीट बघा). ६ जीबीचे आरटीएक्स ३०५० फक्त ७० वॉट घेते. एसएमपीएस चांगला असेल, तर ८ जीबीचे आरएक्स ६६०० हे १३२ वॉटचे कार्ड जुन्या पण धडधाकट मशीनला शोभते. एएमडी त्यासाठी ४५० वॉटचा सप्लाय सुचवते.

आरएक्स ६४०० आणि आरएक्स ६५०० एक्सटी ही कार्डे जुन्या मशीनसाठी सोयीची वाटतात, पण त्यांना पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यातल्या जोडणीच्या) फक्त चार लेन, म्हणजे माहिती वाहणाऱ्या वाटा, आहेत. पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या बोर्डावर ते खपून जाते. ३.० च्या बोर्डावर त्याच चार लेनचा वेग निम्मा होतो आणि ४ जीबी व्हीरॅम भरली की गेम अडखळायला लागतो. नेमके जुन्या मशीनवरच हे कार्ड आपली खरी ताकद दाखवू शकत नाही. इंटेलच्या आर्क कार्डांचेही तसेच: मदरबोर्डवर रिसायझेबल बार (प्रोसेसरला पूर्ण व्हीरॅम एकदम वापरू देणारी सोय) नसेल तर ती बरीच मंदावतात, म्हणून फार जुन्या बोर्डासाठी मी ती सुचवणार नाही.

जुने कार्ड सेकंडहँड घेताना फक्त त्याचा वेग बघू नका. ड्रायव्हर अजून येतात का, हे विचारा. एनव्हिडियाच्या जीटीएक्स ९०० आणि १००० मालिकांसाठी नव्या गेमचे खास ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबले. आता फक्त सुरक्षेचे अपडेट येतात. शिवाय काही नवे गेम हार्डवेअर रे ट्रेसिंगशिवाय (कार्डातली, प्रकाश आणि सावल्या खऱ्यासारख्या मोजणारी सोय) सुरूच होत नाहीत. २०२४ चा इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल आणि २०२५ चा डूम: द डार्क एजेस ही दोन उदाहरणे. तिथे जीटीएक्स मालिका उपयोगाची नाही.

सेकंडहँड कार्ड हातात आले की जीपीयू-झेड चालवा. जुन्या कार्डाचे बायोस बदलून त्याला नवे नाव दिलेली बनावट कार्डे बाजारात फिरतात, आणि एनव्हिडियाची अशी बरीच कार्डे हे सॉफ्टवेअर ओळखून नावापुढे तसे दाखवते. मग एखादा जड गेम अर्धा तास चालवून पडद्यावर ठिपके किंवा पट्टे येतात का ते पाहा.

सातवी पायरी: प्रोसेसर, पण मर्यादेत

त्याच सॉकेटमध्ये बसणारा वरचा प्रोसेसर मिळत असेल तरच या वाटेने जा. कोअर आय५-४५७० चे चार थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामे) आहेत, त्याच बोर्डावर चालणाऱ्या आय७-४७७० चे आठ. नव्या गेममध्ये हा फरक जाणवतो. मात्र इंटेलच्या एलजीए ११५१ सॉकेटपाशी सावध राहा. सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढीचे सॉकेट दिसायला सारखेच आहे, पण आठव्या पिढीचा प्रोसेसर जुन्या १०० किंवा २०० मालिकेच्या बोर्डावर चालत नाही.

एएम४ चा बोर्ड असेल तर तुम्ही खरोखर नशीबवान. पहिल्या रायझनसाठी घेतलेल्या कित्येक बोर्डांवर बायोस अपडेट केल्यावर रायझन ५ ५६०० किंवा रायझन ७ ५८००एक्स३डी चालतो. बायोस जुना प्रोसेसर बसलेला असतानाच अपडेट करा. नवा आधी बसवला तर पडदा काळाच राहू शकतो.

प्रोसेसरबरोबर मदरबोर्ड आणि रॅमही बदलावी लागत असेल, तर थांबा. तो आता नवा कॉम्प्युटर झाला, आणि त्याचा हिशेब नव्या कॉम्प्युटरसारखाच करायला हवा.

विंडोजचाही विचार इथेच करा. विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासून आणि रायझन २००० मालिकेपासून पुढे चालते, त्यालाही टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागते. विंडोज ११ वर व्हॅलोरंट या ऑनलाइन गेमला टीपीएम आणि सिक्युअर बूट (कॉम्प्युटर सुरू होताना फक्त खात्रीचे सॉफ्टवेअर चालू देणारी बायोसमधली सोय) दोन्ही सुरू हवेत. बॅटलफील्ड ६ सिक्युअर बूटशिवाय चालत नाही. तुमचा आवडता ऑनलाइन गेम काय मागतो, ते कॉम्प्युटरचे भाग विकत घेण्याआधी वाचा.

जुना कॉम्प्युटर विकत घेणार असाल तर

कार्यालयांमधून निघालेले डेस्कटॉप स्वस्तात मिळतात आणि बहुधा मजबूत असतात. त्यांतला उंच, टॉवर कॅबिनेटचा घ्या. बारीक, आडव्या डब्यात फक्त कमी उंचीची कार्डे बसतात. कंपनीने खास बनवलेला एसएमपीएस आणि मदरबोर्डची वेगळीच पिन-जोडणी ही यांतल्या बऱ्याच मशीनची मोठी अडचण; साधा एसएमपीएस आणला तर तो लागतच नाही. त्यामुळे विकत घेण्याआधी झाकण उघडायला सांगा आणि मदरबोर्डला वीज देणाऱ्या जोडणीत २४ पिना आहेत का ते मोजा.

बसवताना

एका वेळी एकच भाग बदला. जुन्या कार्डाचे ड्रायव्हर डीडीयूने (ड्रायव्हर पूर्ण पुसणारे मोफत सॉफ्टवेअर) पुसा, नवे टाका, आणि तोच गेम, त्याच जागी, त्याच सेटिंगवर पुन्हा खेळून आधीच्या आकड्यांशी ताडून पाहा. मग सेटिंगमध्ये सावल्या आणि दूरवरचे तपशील एक पायरी खाली आणा, टेक्श्चर मात्र व्हीरॅममध्ये मावतील तेवढे उंच ठेवा. गेममध्ये एफएसआर (कमी रिझोल्यूशनचे चित्र मोठे करून एफपीएस वाढवणारी एएमडीची सोय) असेल तर सुरू करा. ते आरटीएक्स नसलेल्या कार्डांवरही चालते. मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर एफपीएसला ६० ची मर्यादा घाला, मशीन थंड आणि शांत राहते.

काढलेला जुना भाग निदान दोन आठवडे विकू नका. नव्यात काही बिघाड निघाला, तर तो परत बसवून पाहता आला पाहिजे.